दोरा तोडायचा दात

पोरांनो, आधी एक कोडं. एका बाईच्या हिरड्यांतनं रक्त यायचं, तेव्हा तिचे दात भिंतीतल्या खुंट्यांसारखे पक्के होते. मग रक्त थांबलं. दहा वर्षं थेंब म्हणून आला नाही. घरचे म्हणाले, चला, सुटलो एकदाचे. आणि अकराव्या वर्षी त्या बाईचा दात हलायला लागला. असं उलटं कसं काय झालं?

डोकं खाजवा, पण हसू नका. कारण ही बाई म्हणजे जुईची आई.

जुई अकरा वर्षांची. कोल्हापूरजवळ फौंड्र्यांच्या पट्ट्यात माळवाडी म्हणून वस्ती आहे, तिथं तिचं आजोळ आणि तिथंच तिचं घर. बाबा लांब समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, सहा-सहा महिने घरी यायचे नाहीत. म्हणून आई आणि जुई आजोबांकडं राहायच्या. आजोबांचं नाव बाळासो लोहार, पण सगळी वाडी त्यांना आप्पा म्हणायची. वाडी आता पुष्कळ बदललेली. भट्ट्या विजेवर चालायच्या, धुराडी थंड पडलेली, टपाल ड्रोन टाकून जायचं. पण माणसाचे दात तेच बत्तीस आणि त्यांची दुखणी पण तीच.

जुईची आई तेजा गोधड्या शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरायचे, हलू नयेत म्हणून कोपऱ्यावर वजन ठेवायचं आणि हातानं टाके घालत जायचं. ओळ संपली की दोरा दातात धरायचा आणि टक्! कात्री हाताशीच असायची, पण उचलतंय कोण? वरच्या पुढच्या दाताला दोऱ्यानं बारीक खाच पडली होती. जुई शेजारी बसून अभ्यास करायची आणि टक् मोजायची. बारा टक् झाले की आई उठून चहा टाकायची. घड्याळापेक्षा जुईला हा हिशेब पक्का वाटायचा.

त्या दिवशी सात टक् झाले. आठवा झालाच नाही.

जुईनं मान वर केली. आईनं तोंडावर हात धरला होता आणि दोरा तसाच लोंबत होता.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. लिही तू."

"दाखव."

"मोठी मास्तरीण लागून गेलीस व्हय?" आई हसायला गेली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "हलला गं. दोरा तुटायच्या आधी दातच हलला."

आप्पा उंबऱ्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. खोकल्याची एक उबळ आली, ती जिरवून म्हणाले, "हलतोय तर हलू दे. वयानं हलत्यातच."

"छत्तिसाव्या वर्षी, आप्पा? तुमचे अजून हाईत की बावीस!"

 आप्पांनी बंडीच्या खिशातनं पत्र्याची डबी काढली आणि लेकीकडं सरकवली. "घे, चोळ जरा. घट्ट व्हतील. मागं रक्त थांबलं हुतं न्हवं ह्येच्यानं?"

डबीत मिश्री होती. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची काळी पूड. तिची गोष्ट अशी की, जुई पोटात होती तेव्हा तेजा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दात घासले की चूळ लाल. तेजाची आई तर आधीच गेलेली. बाळंतपणातल्या लेकीचं काय करायचं हे आप्पांना कोण सांगणार? त्यांनी स्वतः चुलीपुढं बसून तंबाखू भाजली, खलात कुटली आणि लेकीला दिली. आठ दिवसांत रक्त बंद! आप्पांनी ते साऱ्या वाडीला सांगितलं होतं. तेव्हापासनं तेजाची मिश्री सुरू झाली. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाली की एकदा.

जुई त्या डबीकडं बघत राहिली. रक्त थांबलं, आणि दात हलला. कोडं तिला तिथं पडलं.

आता गोधडीच्या कोपऱ्यावरच्या वजनाचं सांगायला पाहिजे. ते वजन म्हणजे तळव्याएवढा चपटा लोखंडी तुकडा. आप्पांनी सव्वीस वर्षं एका फौंड्रीत रेती मारली. साच्यातनं निघालेल्या लोखंडाला माती भाजून चिकटलेली असते. जाड रबरी नळीतनं दाबाची हवा सोडायची, हवेत रेती मिसळायची, आणि तो झोत लोखंडावर धरायचा. माती उडून लोखंड रुप्यासारखं उजळतं. नवीन असताना आप्पांनी एकदा एका जागी झोत जास्त वेळ धरला. लोखंडावर उठावाची अक्षरं होती. झोत बंद करून बघतात तर अक्षरं नाहीत! मुकादम ओरडला, "लोखंड खाल्लंस की मर्दा!" तो वाया गेलेला तुकडा आप्पांनी घरी आणला. त्यावर बोट फिरवलं की नुसता खडबडीतपणा लागायचा.

आणि नेमकं तेच लोखंड मागच्या वर्षी आडवं आलं.

मागच्या वर्षी वाडीत फिरता दंतदवाखाना आला होता. हिरवी मोठी गाडी, आणि गाडीत माणूस नाही, रोबो. दोन लांब हात, चेहऱ्याच्या जागी एक गोल दिवा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं फुंकर. तेजा त्या दिवशी केस विंचरून, धुतलेली साडी नेसून निघाली होती. पण आप्पांनी गाडीवरची पाटी वाचली. अक्षर अक्षर लावत वाचली, कारण शाळा त्यांची दोन इयत्तांची. 'हवा, पाणी आणि पुडीच्या झोताने दातांची सफाई.'

आप्पा दारात आडवे उभे राहिले. "हवेच्या झोतात पूड? म्हंजे रेतीच की! तेजा, मागं फीर. ह्या हातानं लोखंडाची अक्षरं खाल्ल्यात. दाताचं काय व्हईल?"

तेजा मागं फिरली. गाडी दोन दिवस थांबून पुढच्या गावाला गेली.

आप्पा वाईट नव्हते, पोरांनो. जी गोष्ट सव्वीस वर्षं हातात धरली, तिचीच त्यांना धास्ती होती. रेती काय करते ते त्यांच्याएवढं वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं.

ह्या वर्षी गाडी आली ती आईचा दात हलल्यावर तिसऱ्या दिवशी. जुई कुणाला न सांगता गेली.

"ये. बस," फुंकर म्हणाला. त्याचं बोलणं शाळेतल्या पुस्तकासारखं होतं. "कुठला दात दुखतो?"

"दात न्हाई दुखत. कोडं विचारायला आलेय."

"कोड्यालाही खुर्ची हीच आहे."

जुई बसली आणि तिनं सगळं सांगितलं. रक्त, बाळंतपण, दहा वर्षं, आठवा टक्. फुंकरचा दिवा जरा मंद झाला.

"उत्तर मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण आधी तू तुझ्या तोंडात बघ."

त्यानं कापसाच्या बोळ्यानं तिच्या दातांना कसला तरी रंग लावला, चूळ भरायला लावली आणि आरसा धरला. जुई दचकली. दातांचं मधलं अंग पांढरं, पण हिरडीच्या कडेकडेनं आणि दोन दातांच्या फटीत जांभळी नक्षी.

"सकाळीच घासलेत की मी!"

"घासलेस, पण मधले. जिथं रंग धरला आहे तिथं बायोफिल्म (जंतूंनी मिळून बांधलेला चिकट थर) आहे. तुमच्याकडे पाण्याचा हौद आहे का?"

"म्हशीचा हाय, शेजाऱ्यांचा."

"त्याच्या आतल्या अंगाला हात लावलास तर कसं लागतं?"

"बुळबुळीत."

"मग त्यावर तांब्याभर पाणी ओतलं तर बुळबुळ जाते?"

"न्हाई. काथ्यानं घासायला लागतं."

"तसंच हे. एकटा जंतू लाळेबरोबर वाहून पोटात जातो. पण एखादा दाताला चिकटतो, त्याच्या आधाराने दुसरे येतात. मग ते डिंकासारखा चिकट पदार्थ सोडतात आणि त्याच्या आड वस्ती करतात. चूळ भरून ती वस्ती हलत नाही. औषधाचं पाणीसुद्धा वरवरच राहतं. ती घासूनच काढावी लागते, आणि रोज, कारण रोज नवी बसते."

"मग हिरडीचं काय?"

"वस्ती हिरडीच्या कडेला बसली की शरीर तिथं राखणदार पाठवतं. ते रक्तातून येतात. हिरडी फुगते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. रक्त ही शरीराची हाक आहे, की इथं साफ करा. पोटात बाळ असताना हिरड्या जास्त नाजूक होतात, थोड्या थरानेही रक्त येतं. तेव्हा नीट साफ केलं, तर हिरडी बहुधा पहिल्यासारखी होते."

"आणि न्हाई केलं तर?"

फुंकरनं एका पडद्यावर दात काढून दाखवला. खाली दाताचं मूळ, मुळाभोवती हाड, वर हिरडी. "मग हिरडी दातापासून सुटते. मध्ये फट पडते, तिला हिरडीचा कप्पा म्हणतात. तिथं ब्रश पोचत नाही. वस्ती खाली खाली सरकते. शरीर तिच्याशी लढतच राहतं, आणि त्या लढाईत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे वर्षानुवर्षं चालतं, आणि दुखत नाही. म्हणून कळत नाही."

"पण आईचं रक्त तर थांबलं हुतं!"

"आई तंबाखू लावते का?"

"मिश्री."

"तंबाखूने हिरडीतल्या केसासारख्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त दिसायचं कमी होतं. वस्ती मात्र तिथंच असते. वर शरीराचे राखणदारही तंबाखूने दुबळे होतात."

 जुई हळूच म्हणाली, "म्हंजे घराला आग लागली हुती, राखणदार ओरडत हुता, आणि आम्ही त्येचंच तोंड दाबलं."

"हो."

तोंड कुणी दाबलं ते जुईला माहीत होतं. चुलीपुढं बसून, मायेनं, खलात कुटून. तिनं फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले, आणि तेवढ्यात गाडीच्या पायरीवर काठी आपटली.

"ए डब्या! माझ्या नातीला काय पढवायला लागलाईस?" आप्पा धापा टाकत वर आले. जुईचे दात बघून थबकले. "आणि हे काय? जांभळं खाल्लीस व्हय गं?"

"आप्पा, हे जंतू हाईत. रेती न्हवं. ह्येच्याकडं रेती न्हाईच."

"झोत हाय का न्हाई?"

"झोत आहे, आजोबा," फुंकर म्हणाला. "याला एअर पॉलिशिंग (हवा, पाणी आणि बारीक पुडीच्या झोताने दातांवरचा थर काढणं) म्हणतात. तुमचा झोत आणि माझा झोत एकाच जातीचा. कण मात्र वेगळा."

"कण म्हंजे कण. मला नगं शिकवू."

"तुम्हीच मला सांगा. काचेवर रेती मारली तर काय होतं?"

"काच आंधळी हुती. दारांच्या कितीतरी काचा केल्यात मी तशा."

"आणि काचेवर पिठीसाखर मारली तर?"

 सव्वीस वर्षं झोत धरलेल्या आप्पांच्या हातांना उत्तर ठाऊक होतं. कठीण कण मऊला ओरखडतो. मऊ कण कठीणाचं काही वाकडं करू शकत नाही. वरची घाण मात्र घेऊन जातो.

"रेतीचा कण दातापेक्षा कठीण आणि टोकदार," फुंकर पुढं म्हणाला. "माझी पूड एरिथ्रिटॉलची आहे (साखरेसारखा दिसणारा, गोडसर पदार्थ, पण याने दात किडत नाही). ती दातापेक्षा खूप मऊ. एकेक कण चौदा मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच कण ओळीने ठेवले तर तुमच्या एका केसाएवढी जाडी होईल. आणि पाण्यात ती विरघळून जाते."

"बोलून काय? दाखव."

आप्पा घरी गेले आणि दाढीचा आरसा घेऊन आले. तळव्यावर मिश्री आणि कणीक पाण्यात कालवली, आरशावर अंगठ्यानं जाड लिंपली आणि गाडीच्या टपावर उन्हात ठेवली. वाळून खडंग होईपर्यंत तिथंच उभे. मग आरसा फुंकरपुढं धरला. "मार. आणि आंधळा झाला तर गाडी घेऊन नीघ हितनं."

फुंकरच्या हाताला पेनासारखं नळकांडं होतं. त्यातनं बारीक फवारा आला. फुस्स आवाज, थंड तुषार. आप्पांची नजर झोतावरनं हलत नव्हती. झोत तिरका धरलाय, एका जागी थांबत नाहीये, सारखा फिरतोय, हे त्यांनी बघितलं आणि नकळत मान डोलावली. काळा थर कडेनं सुटत गेला. फुंकरनं आरसा पुसून परत दिला.

आप्पांनी तो उन्हात तिरपा केला. नखानं खरवडून बघितला. एक ओरखडा नाही. लख्ख काच, आणि काचेत त्यांचं स्वतःचं तोंड.

ते तोंड ते बघत राहिले. आरसा खाली करायचं त्यांना सुचेना. मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मागच्या साली आली असती तर माझी तेजा... तर दात हलला नसता?"

फुंकरचा दिवा स्थिर होता. "मागच्या वर्षी मी त्यांना तपासलं नव्हतं, आजोबा. म्हणून नक्की सांगता येत नाही. पण अशा दुखण्यात एक वर्ष पुष्कळ असतं."

आप्पा गाडीच्या पायरीवर बसले. काठी हातातनं घरंगळली, ती जुईनं उचलून धरली. त्यांनी काठी घेतली नाही, जुईचा हात घेतला. वाडीतली दोन-चार माणसं गाडीभोवती होती, ती उगीच दुसरीकडं बघायला लागली.

मग आप्पा स्वतः घरी जाऊन तेजाला घेऊन आले. "चल बाय," एवढंच म्हणाले.

तेजा खुर्चीत बसली. फुंकरनं आधी खुणा केलेल्या बारीक सळईनं प्रत्येक दाताभोवतीचा कप्पा मोजला आणि आकडे मोठ्यानं सांगितले. निरोगी हिरडीत तीन मिलिमीटरपर्यंत असतो. तेजाचे चार, पाच, चार, पाच. जुई ओठ हलवत ऐकत होती, टक् मोजायची तशी.

"नऊ," फुंकर म्हणाला. वरचा, पुढचा, खाच पडलेला दात.

झोत सुरू झाला. कप्प्यांसाठी फुंकरनं पातळ, लवचीक टोक लावलं. ते हिरडीच्या आत अलगद जायचं, थोडे सेकंद फवारायचं आणि बाहेर यायचं. दुसऱ्या नळीनं पाणी ओढून घ्यायचं. मध्येच तेजा जुईकडं बघून म्हणाली, "गोड लागतंय गं!" काही ठिकाणी थर वाळून दगड झाला होता. तो झोतानं निघेना. त्याला टार्टर म्हणतात, आणि तो काढायला फुंकरनं वेगळं, भर्रकन थरथरणारं टोक घेतलं. सगळं मिळून तासभर गेला.

"बाकीचे दात सांभाळले तर राहतील," तो म्हणाला. "रोज दोनदा मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला. मिश्री बंद. आणि हा पुढचा दात..." तो थांबला. यंत्राला थांबायची गरज नसते, तरी थांबला. "याच्याभोवती आता हाड उरलेलं नाही. हा तालुक्याच्या दवाखान्यात काढावा लागेल."

"हाड परत आण की!" आप्पा ओरडले. "एवढी मोठी गाडी हाय तुझी!"

"बसलेला थर मी काढू शकतो, आजोबा. एवढं गेलेलं हाड आणणं अजून मला येत नाही. माणसं त्यावर काम करत आहेत."

तेजानं जिभेनं तो दात एकदा हलवून बघितला. "असू द्या, आप्पा," ती म्हणाली. "एकच तर हाय."

आप्पांना ते जास्तच लागलं. त्यांनी बंडीची बटणं नीट केली आणि खुर्चीत जाऊन बसले. "माझं बी कर. तिला जे केलंस तेच. बघू तर खरं."

फुंकरनं त्यांच्या छातीला एक चकती लावली आणि बराच वेळ ऐकलं. मग झोताचं नळकांडं बाजूला ठेवलं.

"तुमच्यावर झोत मारणार नाही. त्याचे तुषार आणि पूड थोडीफार श्वासात जातेच. निरोगी माणसाला त्याचं काही नाही. पण तुम्हाला सिलिकोसिस (रेतीच्या बारीक धुळीने फुप्फुसं कडक होण्याचा आजार) आहे. तुमचे दात मी हातानं, साध्या हत्यारांनी साफ करतो. वेळ लागेल एवढंच."

आप्पा हसले. हसता हसता खोकले, आणि खोकता खोकता त्यांच्या डोळ्यांतनं पाणी आलं. "बघ जुई," ते म्हणाले, "तवाची रेती. अजून माझ्या आडवी येतीया."

तालुक्याच्या दवाखान्यात तो दात काढला. परत येताना तेजानं तो रुमालाच्या कोपऱ्यात बांधून आणला आणि कुणी न सांगता सुयांच्या डब्यात ठेवून दिला. गोधडीवर आता लाल फितीनं बांधलेली कात्री आली. ओळ संपली की कच्. पहिले काही दिवस तेजा दोरा सवयीनं तोंडाकडं न्यायची, मध्येच थांबायची आणि कात्री शोधायची. जुई वहीवर डोकं खुपसून बसायची. बारा कच् झाले तरी तिला चहाची आठवण व्हायची नाही.

मिश्री बंद झाली होती. आणि दहाव्या दिवशी सकाळी मोरीत तेजाची चूळ लाल पडली.

आप्पांनी ते बघितलं आणि ते पार पांढरे पडले. अकरा वर्षांपूर्वीची तीच मोरी, तीच लेक, तेच लाल पाणी. त्यांचा हात आपोआप कोनाड्यात गेला. मिश्रीची डबी त्यांनी तिथं ठेवून दिली होती, टाकायचा त्यांना धीर झाला नव्हता.

"आप्पा, थांबा!" जुई मध्ये आली. "मिश्री सुटली की रक्तवाहिन्या उघडत्यात. फुंकरनं सांगितलंय, आधी थोडं दिवस रक्त येतंय. राखणदार परत ओरडायला लागलाय, आप्पा."

"मग करायचं काय?" आप्पांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"ओरडतोय तिथंच साफ करायचं."

तेजानं ब्रश परत ओला केला. जिथनं रक्त आलं होतं तिथंच, हिरडीच्या कडेला, हळूहळू फिरवला. आप्पा मोरीच्या दारात उभे. हातातली डबी त्यांनी एवढी घट्ट धरली होती की झाकण वाकलं. दुसऱ्या दिवशी रक्त जरा कमी, तिसऱ्या दिवशी त्याहून कमी. पंधरवड्यात चूळ पांढरी.

"आता खरंच थांबलं का नुसतं दिसंना झालं, ते कसं कळणार?" आप्पांनी विचारलं. एकदा फसलेला माणूस होता तो.

हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर सळईकडं होतं. तीन महिन्यांनी गाडी परत आली, तेव्हा फुंकरनं आकडे मोठ्यानं सांगितले. तीन, तीन, चार, तीन, चार. फट पडलेल्या हिरड्या दाताला धरायला लागल्या होत्या. आप्पांनी प्रत्येक आकड्याला बोट मिटलं. जिथं पूर्वी नऊ होता, तिथं मोजायला काही नव्हतं. तिथं बोट न मिटता ते नुसते थांबले, आणि मग पुढच्या दाताला परत सुरू झाले.

निघताना जुईनं विचारलं, "हाड परत आणायचं कुठं शिकवतात?"

"अजून कुठेच पुरतं नाही," फुंकर म्हणाला. "शिकायला आलीस तर शोधावंही लागेल."

"चालतंय की," जुई म्हणाली.

त्या दुपारी आप्पांनी डबी उकिरड्यावर रिकामी केली, राखेनं घासली, धुऊन उन्हात वाळवली आणि तेजापुढं ठेवली. "सुया ठेव ह्येच्यात," म्हणाले. तेजानं जुन्या डब्यातल्या सुया तिच्यात ओतल्या. सुयांबरोबर रुमालातला दातही आत पडला. कुणी तो बाहेर काढला नाही.

जुई आता टाके घालायला शिकत होती. गोधडीच्या एका कडेला आई, दुसऱ्या कडेला ती, मध्ये ते अक्षरं खाल्लेलं लोखंड. पहिली सरळ ओळ जमली, तेव्हा ती एवढी खूश झाली की तिनं दोरा ताणला आणि दातांत धरला. आईला लहानपणापासनं बघितलेलं, हात आपोआप तिकडंच गेला.

आप्पा उंबऱ्यावरनं उठले, कात्री उचलली आणि नातीपुढं धरली.

जुईनं दोरा तोंडातनं काढला.

कच्.

"एक," आप्पा म्हणाले.